करंगळीची साक्ष

कंपनीच्या डॉक्टरने माझ्या डाव्या करंगळीत सुई खुपसली आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. करंगळीवर रक्ताचा थेंब आला. मला काही कळलं नाही.

"दुखत नाय, साहेब."

मग त्याने दोन बोटांच्या फटीत कागद अडकवला. घट्ट धर म्हणाला. धरला. त्याने ओढला. कागद फाटला, सुटला नाही. तो सुपरवायझरकडे वळला.

"नस तुटली असती तर बोटं वाकडी झाली असती, कागद धरता आला नसता. नाटक आहे सगळं. ह्या वस्तीवाल्यांना बसून खायला निमित्त लागतं."

बसून खायला. माझा बाप अख्खा जन्म दुसऱ्याच्या भातखाचरात वाकून मेला. सरणावरसुद्धा सरळ होईना.

सुपरवायझर हसला. दारातले कामगारही हसले. त्यांचा दोष नाही. वाशिंदपासून मुरबाडपर्यंत माझ्यासारखा थापाड्या नाही. म्हसा गावच्या जत्रेत उधळलेला बैल मी शिंगं धरून खाली बसवला. शेणव्याच्या रस्त्यावर बिबट्या माझ्या मोटारसायकलवर मागे बसून आला, उतरताना मान हलवून गेला. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बिबट्यालाही खरं वाटत असेल.

पण मशीनचा पत्रा माझ्या कोपरात आतल्या बाजूने घुसला, ही थाप नव्हती. टाके पडले, जखम भरली. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट मात्र मेलं. हलायचं, पण मेलेलं.

डॉक्टरने 'फिट' लिहिलं. पुन्हा त्याच मशीनवर. गरम साच्यातून बादल्या काढायच्या. करंगळी कधी टेकायची, कळायचंच नाही. घरी आल्यावर बायको फोड दाखवायची. एकदा तर चुलीशी बसलो होतो, गप्पा रंगलेल्या, आणि तिने माझा हात हिसकला.

"अवो, बोट जळतंय तुमचं." तिने बोटावर पाणी ओतलं. मग म्हणाली, "हजार थापा मारल्यात तुमी. ही नाय."

तीच मला शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे हाताला करंट लावून लावून तपासलं. हात असा उडायचा की वाटलं छपराला लागतो. मग मोठे डॉक्टर आले. मागे पंधरा पोरं-पोरी. माझा हात टेबलावर, भाजीवालीच्या टोपलीतल्या पडवळासारखा. सगळं इंग्रजीत. एकेकाने दाबून बघितला. कुणी तोंडाकडे बघितलं नाही.

एक पोरगी मुरबाडकडची निघाली. हळूच म्हणाली, "मामा, कोपरात तुमची नस तुटलीच आहे. पण बोटं हलवणारे धागे तुमच्यात दुसऱ्या नसेतून येतात, कोपराच्या खाली येऊन हिला मिळतात. म्हणून बोट हलतं. चटका कळवणारे धागे मात्र तुटले."

समजलं. ओढ्यावरचा पूल बुडाला की आमच्या वस्तीतली माणसं वरून रानातल्या वाटेने पोचतात. गाडी पोचत नाही.

विचारलं, लाखात एक आहे का गो माझा हात?

"नाय मामा. अशी नस पुष्कळांना असते. पुस्तकात आहे."

तिथे माझी हवा गेली. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट वाढवून सांगायची इच्छा मेली. म्हणजे माझ्यात नवल काहीच नव्हतं. फक्त मी सांगत होतो ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, उद्या दुसरी बॅच आहे, याला परत बोलवा. मी हात खिशात घातला.

"आधी एक ओळ लिहा, साहेब. मराठीत. हा माणूस खरं बोलत होता."

"रिपोर्टमध्ये सगळं आहे."

"त्यात ही ओळ हाय?"

पोरगी पेन घेऊन पुढे आली. तिने लिहिलं. डॉक्टरांनी सही केली. तेव्हा कुठे पहिल्यांदा त्यांनी माझं नाव विचारलं.

परवा कंपनीच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने सवयीने कागद पुढे केला. "धर."

धरला नाही. माझा कागद टेबलावर ठेवला.

"आता ह्यो तुमी धरा."

त्याने दोनदा वाचला. मला कसं कळणार होतं, म्हणाला. मी म्हटलं, विचारायचं होतं. सुपरवायझरने 'फिट'चा फॉर्म सरकवला. मी सही केली नाही. गरम साच्यावर जाणार नाही, तेही सांगितलं. अजून मला दुसरं मशीन दिलेलं नाही. रोज जातो, डॉक्टरच्या केबिनबाहेर बाकावर बसतो, हात मांडीवर ठेवून. दमलोय. बसून खातोय म्हणतात. म्हणोत.

काल बाकावर शेजारी एक जण येऊन बसला. पाठ धरलेली. आतून खोटारडा ठरून आला होता. मी त्याला उठवलं आणि परत आत घेऊन गेलो. उद्या दुसरा येईल, त्यालाही नेईन.

बिबट्याची गोष्ट खोटी. ही खरी. दोन्ही माझ्याच तोंडच्या. यापुढे कुठली खरी, ते मी सांगणार.