पोट भरल्याचं इंग्रजी

विशे सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात सलाईन बदलत होते. "हिरा, सर गेले गो," एवढंच त्या म्हणाल्या. मी बाटली नीट टांगली, पेशंटच्या अंगावर चादर ओढली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. त्याला आता दीड महिना होईल. मी शहापुरात नर्स आहे, मरण मला नवं नाही... पण विशे सरांचं जाणं अजून पचलेलं नाही.

सर मूळचे इथल्याच, शहापूरजवळच्या सापगावचे. आम्हाला इंग्रजी शिकवायला होते ते मात्र मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या निवासी शाळेत. आठवडाभर शाळेतल्याच एका खोलीत राहायचे, शनिवारी मोटारसायकलने घरी जायचे. मी सातवीत होते. पाहुणे म्हणून जेवायला गेल्यावर काय बोलावं, असा धडा चालला होता. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि आमच्याकडून म्हणून घेतलं... नो थँक यू, आय ॲम फुल. म्हणजे माझं पोट भरलंय, आता नको. सगळ्यांनी घोकलं. मी हात वर केला. आगाऊपणा नव्हता, खरंच शंका होती. "सर, आमच्यात भाताचा टोपच आदी संपतो. मंग हे बोलायचा कवा?" वर्गात कोणी हसलं नाही. बहुतेकांच्या घरी तेच होतं, आणि शाळेच्या पंगतीतही दुसऱ्यांदा भात क्वचितच यायचा. सरांनी पुढचं वाक्य लिहिलं नाही.

सोमवारी ते मोटारसायकलच्या मागे तांदळाचं पोतं बांधून आले. घरच्या शेतातला तांदूळ. मग अधूनमधून तसं पोतं येतच राहिलं. संध्याकाळच्या पंगतीत सर स्वतः वाढायला उभे राहू लागले. नियम एकच, भात नको असेल तर इंग्रजीत सांगायचं, नाहीतर वाढणार. पहिले चार दिवस कोणीच ते वाक्य बोललं नाही. पाचव्या दिवशी मी बोलले, तोंडात घास असतानाच. सरांनी भाताचं भांडं खाली ठेवलं आणि पाठ फिरवून पाणी प्यायला गेले. मला तेव्हा वाटलं, तहान लागली असेल.

दहावीत त्यांनी त्याच अर्थाची आणखी दोन वाक्यं शिकवली. आय हॅव हॅड माय फिल, म्हणजे हवं तेवढं मिळालं, मन भरलं. आणि आय हॅव हॅड इनफ. "हे जपून वापरा रे," सर म्हणाले. "ताटावरून उठताना बोललं तर तृप्ती. कपाळाला हात लावून बोललं तर, पुरे झालं, आता सोसवत नाय. शब्द तेच. बोलणाऱ्याचं तोंड बघायचं."

मागच्या वर्षी सरांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. एवढ्या पोरांना वाढणारा माणूस, आणि त्याच्या घशाखाली घास उतरेना. मी ड्युटी सुटली की सापगावला जायचे, चमच्याने पेज भरवायचे. शेवटच्या भेटीत तीन चमचे गेले. चौथ्याला त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "हिरा, आय हॅव हॅड इनफ." तोंड भिंतीकडे होतं. मी वाकून पाहिलं नाही. वाटी उचलली, धुऊन ठेवली आणि निघाले... चौथ्या दिवशी काकूंचा तो फोन आला.

तृप्तीनं म्हणाले की कंटाळून? हे मला छळत राहिलं. वाकून बघायला कितीसा वेळ लागला असता. परवाच्या रविवारी शेवटी काकूंना विचारलंच. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"कंटाळलेच होते गो. तुला खोटं काय सांगू? माझ्याशी रोज मराठीत बोलायचे, आता पुरे म्हणून. तुझ्याशी इंग्रजीत बोलले, तुला जरा कमी लागावं म्हणून."

मी रडले. काकूंनी रडू दिलं. चांगलं काहीतरी सांगून माझी समजूत काढली नाही, याचंच पुढे बरं वाटलं.

त्या घरात आल्यागेल्याला 'जेवलास का' असं कधी विचारत नाहीत. सरांचाच दंडक. विचारलं की भुकेला माणूस लाजेनं 'हो' म्हणतो, असं ते म्हणायचे. म्हणून आधी ताट, बोलणं मागून. काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि माझं ताट वाढलं. तेवढ्यात विजेचं मीटर बघायला एक माणूस दारात आला. नवीनच होता, घाईत होता. "काकी, जेवूनच निघालोय मी," असं तो म्हणेपर्यंत काकूंनी त्याच्यासाठी पाट टाकलाही होता.