माडाची जाळी आणि हेमकांतचं नाव

हेमकांतला एका व्हिडिओवाल्याने फसवलं, आणि त्या माणसाला त्याच्या दारात नेणारा मीच होतो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने लिहिता येईल. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी बोईसरच्या माझ्या दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा जवळच्या घिवली गावाहून हेमकांतच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. “भावजी, हे गेले...” चहा पिऊन ओटीवर बसला होता म्हणे, तिथेच. शटर तसंच अर्धं ठेवून मी स्कूटर काढली.

मी मूळचा घाटावरचा. बोईसरजवळ सालवडला खोली घेऊन अकरा वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा राहिलो, मग विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. प्रेसच्या दणक्यांनी कान गेले होते, पण ते मी कबूल करत नसे. फोनचा आवाज वाढवला की सुईसारखा टोचायचा, कमी केला की शब्द हरवायचे. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, मुळातच हळू बोलणारी. मी तिच्यावर खेकसायचो, “तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?” होता होता तिचे फोन फक्त तिच्या आईला येऊ लागले. हेमकांत कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, घरी लोकांचे हेडफोन नीट करून द्यायचा. डाग द्यायची, सोल्डरची तार घ्यायला दुकानात आला, तेव्हा माझं एका गिऱ्हाइकाशी जोरात वाजलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “शेट, तुमी भांडत नाय. तुमाला ऐकायला येत नाय.” चार माणसांसमोर! मी त्याला बाहेरच काढणार होतो. पण त्याने काउंटरवरचा माझा हेडफोन उचलला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “कुणाचा आवाज ऐकायचा हाय?” माझ्या तोंडून निघून गेलं, “मुलीचा.” तो म्हणाला, “रविवारी घिवलीला या. येताना पोरीचा आवाज घेऊन या.”

हेडफोन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी हेच विचारायचा... कुणाचा आवाज ऐकायचा हाय? गाणी कशातही वाजतात, असं त्याचं म्हणणं. मग ओटीवरच्या टेबलावर हेडफोन उघडायचा. माडाच्या झावळीच्या बुडाशी गोणपाटासारखी जाळी असते ना, ती तो धुऊन, सावलीत वाळवून ठेवायचा. तिचा नाण्याएवढा तुकडा आतल्या छोट्या स्पीकरपुढे बसवला की टोचणारा आवाज मऊ व्हायचा. मुलीचा रेकॉर्ड केलेला निरोप लावून तो मला विचारत राहायचा, “आता?” टोचतंय. “कुठं टोचतंय? ‘स’ला, का ‘च’ला?” मी वैतागून म्हणायचो, “अरे, मी काय शाळेत आलोय?” तो हसायचा आणि जाळीचा एक पदर काढायचा, एक घालायचा. असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तिथूनच मुलीला फोन लावला. दहा मिनिटं बोललो. शेवटी ती म्हणाली, “बाबा, आज तुम्ही ओरडला नाहीत.” मी माडांकडे तोंड करून उभा राहिलो. हेमकांत बोटाला लागलेला डिंक खरवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

या माणसाला जगाने ओळखावं असं मला वाटलं. म्हणून हेडफोनचे व्हिडिओ टाकणाऱ्या, वसईकडच्या एका गृहस्थाला मी बोलावून आणलं. सौदा करण्यात मला कुणी हरवत नाही. शूटिंग जेवणानंतरच, वहिनींच्या स्वयंपाकघरात कॅमेरा न्यायचा नाही, उघडलेला हेडफोन होता तसा जोडून द्यायचा... सगळं घासून ठरवलं. व्हिडिओत नाव हेमकांतचं घ्यायचं, एवढंच ठरवायचं राहिलं. ते सांगावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं. व्हिडिओ आला तर हात हेमकांतचे, टेबल हेमकांतचं, आणि आवाज त्या गृहस्थाचा: “मी शोधलेली पद्धत.” मी फोन करून झापलं, तर म्हणतो, “अंकल, जुगाड है, इसमें नाम क्या डालना?” मी व्हिडिओ घेऊन घिवलीला गेलो. हेमकांतने पाहिला. “हात माझेच हायत ना? तुमी वळखले ना? मग झालं.” “झालं कसं?” मी ओरडलो. तो म्हणाला, “शेट, हेडफोन घाला.” वहिनी आतून खो खो हसल्या.

गेल्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. व्हिडिओ बघून त्यांनी घरी जाळी बसवली होती, आणि हेडफोन भुंग्यासारखा गुणगुणत होता. मी उघडून पाहिला. बाहेरची, उन्हात कडक झालेली जाळी. तिचा भुसा स्पीकरभर पडला होता. मी त्यांना वहिनींकडे नेलं. वहिनींनी सुपातून आतल्या कोवळ्या जाळीचा तुकडा काढला, कात्रीने गोल कापला आणि म्हणाल्या, “ह्यांनी कॅमेऱ्यापुढे दोनदा सांगितलेलं, आतलीच घ्या म्हणून. त्या व्हिडिओवाल्याने नेमकं तेवढंच कापून टाकलं.”

त्या व्हिडिओखाली आज कितीतरी लोक विचारत आहेत, आमचा हेडफोन का बिघडला? साहेब, पद्धत तुमची ना? मग द्या उत्तर. आणि देता येत नसेल, तर ज्याला येत होतं त्याचं नाव त्याच तोंडाने, त्या सगळ्यांसमोर घ्या. मी वाट पाहतो आहे, आणि आता मला नीट ऐकू येतं.