उरलेलं औषध

ही कुजबुज आमच्या गल्लीत निघाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून, आणि दिवस मावळायच्या आत तिला शिंगं, शेपूट सगळं फुटलं. कात्रीबाईंना म्हणे नातू हवा होता. झाली नात, म्हणून महिना उलटला तरी तिचं तोंड पाहिलं नाही. जावयाने गाडी पाठवली, तीही दारातून परत लावली. चार घरी मीही ही बातमी पोचवली, खोटं कशाला बोलू?

कात्रीबाई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायच्या. बत्तीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेली. जीभ हातातल्या हत्याराला शोभेल अशी. मुकादम एकदा म्हणाला, "बाई, जरा हात चालवा." तर म्हणाल्या, "चालवते, पण मध्ये मान घालू नका." अशी बाई कशाला घाबरते?

पण घाबरली. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी ताळतंत्र सोडून काम करायला लागली, हात थरथरायला लागले, आणि डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी दिली. गोळी आली शिशाच्या जाड डबीतून. देणारी मुलगी चिमटा धरून लांब उभी. बाई म्हणाल्या, "तुला शिवायची भीती, आणि मी गिळायची होय गं?" गिळली. डॉक्टरांनी बजावलं, "तीन आठवडे लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. औषध दर आठ दिवसांनी अर्धं होतं."

बाईंच्या लेकीला तेव्हा आठवा महिना सरत आला होता.

दुसरी कुणी असती तर तीन आठवडे मोजून मोकळी झाली असती. बाईंना चौकशीची खोड. वरच्या मजल्यावर त्यांचे धाकटे दीर राहायचे, निवृत्त विज्ञान शिक्षक. शाळा सुटल्यापासून ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे वहिनी वही घेऊन जिना चढल्या तेव्हा भावोजींनी चष्मा दोनदा पुसला.

"अर्धं होतं म्हणजे सोळा दिवसांत संपतं ना, भावोजी?"

"छे! आधी अर्धं, मग अर्ध्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं."

"मग संपतं कधी?"

"गणितात कधीच नाही," भावोजी खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कारखान्यात मीटरभर कापड घेतलं आणि अर्धं कापलं. अर्ध्याचं पुन्हा अर्धं. दहाव्या कापाला चिमटीत दोन-तीन धागे उरले. मुकादम डोळे वटारून बघत होता, पण बाईंचं लक्ष धाग्यांकडे. उरलेच की! संध्याकाळी त्या पुन्हा वर गेल्या.

"शेवटी एकच कण उरला, तर तो कधी फुटतो?"

"ते सांगता येत नाही. आत्ता फुटेल, नाहीतर वर्षाने. त्याला वय नसतं, वहिनी. तो म्हातारा होऊन मरत नाही, लहर आली की फुटतो."

"आणि नेमकी पोर मांडीवर असताना लहर आली तर?"

भावोजी हसले. बाई हसल्या नाहीत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, यांच्या तर पोटातच येऊन बसला.

नात जन्मली तेव्हा गोळी गिळून दीड महिना होऊन गेला होता. फोनवर बाई म्हणाल्या, "मला खोकला आहे." आठ दिवसांनी म्हणाल्या, "कारखान्यात घाई आहे." खरं सांगावं तर आपण विष गिळलंय हे बाळंतिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं? दूध आटलं तर?

त्यात भावोजींची गाडी रुळावरून घसरून सापेक्षतेवर गेली. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं, म्हणाले. वरून आभाळातून काही कण येतात, जन्मतःच मरणाला टेकलेले, पण वेगापायी त्यांचा काळ मंदावतो आणि ते जमिनीपर्यंत जगतात.

"म्हणजे धावत्या वस्तूत ते सावकाश झिजतं?"

"शाब्बास! पस्तीस वर्षांत एकाही पोराला हे कळलं नव्हतं."

किती सावकाश, हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. अर्ध्या हळकुंडाने माणूस पिवळा होतो तो असा. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी बस सोडली. लिफ्ट सोडली, चार मजले चढून जायला लागल्या, तेही कासवासारख्या. आम्ही म्हटलं, गुडघे गेले बिचारीचे. नात महिन्याची झाली तेव्हा जावयाची गाडी आली. बाई दार धरून उभ्या राहिल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या, "नाही येत. जा तू." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते खिडकीतल्यांना राग म्हणून दिसलं.

आठवड्याने मुलीचा फोन आला. "आई, यांची बदली झाली. रविवारी निघतोय. दोन वर्षं येणं व्हायचं नाही. मुलगी झाली म्हणून येत नाहीस, असं लोक म्हणतात. मी कुणाकुणाला काय सांगू?"

बाईंनी फोन ठेवला आणि भावोजींची बाही धरून त्यांना इस्पितळात नेलं. चालत. पावणेदोन तास.

तिथे तीच चिमटेवाली मुलगी होती. बाईंचं ऐकून ती म्हणाली, "काकू, तीन आठवडे सांगितले होते, तीन महिने कुणी सांगितले?" बाईंनी दिराकडे पाहिलं. भावोजी छताकडे पाहायला लागले.

मुलीने किरणं मोजायचा मीटर बाईंच्या गळ्याजवळ आणला. कट्. कट् कट्. बाईंनी दिराची बाही ओढली. "ऐकलंत? आहे! आहे अजून!"

मुलीने मीटर भिंतीकडे वळवला. कट्. कट् कट्. खुर्चीकडे, भावोजींच्या टकलाकडे, स्वतःच्या हाताकडे. सगळीकडे तेवढंच.

"म्हणजे सगळ्यांतच आहे?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"थोडं थोडं सगळीकडे असतंच, काकू. कायमचं. तुमच्यात भिंतीपेक्षा जास्त काही दिसत नाही."

"आणि गाडीत बसले तर?"

मुलीला प्रश्नच कळला नाही. भावोजींना कळला. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि खालमानेने म्हणाले, "वहिनी, गाडी शंभर वर्षं अखंड धावली, तरी फरक पडतो तो पापणी लवायला जो वेळ लागतो त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतकं मन लावून ऐकत होता..."

बाईंनी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

शनिवारी त्या बसने मुलीकडे गेल्या. नात मांडीवर घेतली तेव्हा श्वास कोंडून धरला होता, आणि पोरीला शिंक आली तशा दचकून उभ्या राहिल्या. मुलीने विचारलं, "आई, झालंय काय तुला?" मग सगळं सांगितलं. मुलगी आधी रडली, मग काकांना फोन लावून चांगली पाच मिनिटं बोलली.

नात झाली म्हणून कात्रीबाईंनी गाडी परत पाठवली नव्हती. धावत्या गाडीत अंगातलं औषध सावकाश संपेल आणि उरलेलं तान्हीला बाधेल, अशी त्यांना भीती वाटत होती.