हळदीत मुरगळलेला पाय

मागच्या वर्षीची अर्धमॅरेथॉन मी बसमधून पूर्ण केली. जे वेळेत पोहोचणार नाहीत त्यांना गोळा करत सगळ्यांच्या मागून एक बस येते, तीत मला बसवलं. खिडकीपाशी केळं खात बसले होते. शेजारचे गृहस्थ फोनवर बायकोला सांगत होते, "झाली, झाली, आरामात झाली!" मला त्यांचा भयंकर राग आला, कारण मीही घरी तेच सांगायच्या बेतात होते.

शेवटी घरी खरं तेच सांगितलं. नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. सासूबाई म्हणाल्या, "कोन मागं लागलाय का तुज्या? कशाला धावाचा येवरा?" त्या घणसोली गावातल्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. माझं माहेर साताऱ्याकडचं, आणि आता आम्ही राहतो खारघरला. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी आमच्या दोघींत भांडण असं कधी नव्हतं, आणि फारशी जवळीकही नव्हती. मी त्यांना आई म्हणायचे आणि त्या मला जेवलीस का विचारायच्या, एवढंच.

मी मात्र हट्टाला पेटले. पंचेचाळिशीत गुडघे काय म्हणतील ते म्हणोत, या वर्षी ती रेषा माझ्या पायांनी ओलांडायची, बस नको. रोज पहाटे टेकडीच्या रस्त्याला लागले. पावसाळा संपला आणि सात वाजताच ऊन पाठीवर इस्त्री फिरवू लागलं. एका चढावर मी फासफूस करत असताना कानाला रेडिओ लावलेले एक आजोबा चालत मला मागे टाकून गेले, वर वळून गोड हसलेही. ते हसू मला आठवडाभर छळत होतं.

पण एका रविवारी काय झालं कुणास ठाऊक, बेलापूरपर्यंत जाऊन परत आले तरी पाय कुरकुरले नाहीत. श्वासही शहाण्यासारखा वागला. त्या दिवशी मी घरात सगळ्यांशी इतकी गोड बोलत होते की मुलीला संशय आला. "मम्मी, काही फोडलंस का?" मला वाटलं, जमतंय. खरंच जमतंय आपल्याला.

शर्यतीला दोन आठवडे उरले आणि दिराच्या मुलाची हळद आली. गावातली हळद म्हणजे नुसती हळद लावणं नव्हे. गल्लीभर मांडव, बेंजो पार्टी, घरच्या बायकांना एकाच रंगाच्या साड्या, आणि सगळी भावकी खुर्च्या टाकून बघायला. मी ठरवूनच गेले होते की हळद लावायची, जेवायचं आणि लवकर निघायचं. कोपऱ्यात खुर्ची पकडून बसलेही. तेवढ्यात सासूबाई समोर उभ्या राहिल्या.

"उठ. पोराची काकी हाय ना तू? तू नाय नाचली त लोका काय बोलतीन?"

"आई, माझी शर्यत आहे."

"एक गान्यान काय व्हतंय?"

उठले. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या मिनिटानंतर मला कुणी ओढून नेलेलं नव्हतं. बेंजो असा काही वाजत होता की मी पदर खोचला, चपला भिरकावल्या आणि जावेबरोबर गिरक्या घेऊ लागले. मांडवात अंथरलेल्या गालिच्याखाली गटाराचं झाकण होतं. पाय त्याच्या कडेवर पडला आणि घोट्यात कट्‌ असा आवाज झाला. महिनोन्‌महिने रस्त्यातला प्रत्येक खड्डा चुकवला आणि पडले ती मांडवात.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण दहा दिवस धावायचं नाव काढू नका. मी घरी येऊन नवऱ्यावर भडकले, बेंजोवाल्यांवर भडकले, गालिचा अंथरणाऱ्यावरही. सासूबाईंना काही बोलले नाही, पण त्यांचा फोन आला की मुलीकडे द्यायचे. त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हाती आंबेहळदीचा लेप पाठवला. तो मी लावला, पण लावला म्हणून कळवलं नाही.

शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी सोसायटीच्या आवारात हळूच पळून पाहिलं. दुखलं, पण सोसवेल इतकंच. डॉक्टर म्हणाले, "घोटा बांधा, थोडं पळा, थोडं चाला. कळ वाढली तर गपचूप थांबायचं." मनातल्या मनात वेळेचं गणित पुन्हापुन्हा मांडलं. फार भरभर चाललं तरच जमणार होतं. पण जमू शकत होतं!

रविवारी निघाले. थोडं पळायचं, थोडं चालायचं, आणि पुढे जाणाऱ्यांकडे मुळीच बघायचं नाही. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर घोटा ठणकायला लागला. मागून बसचा आवाज आला. दारातल्या पोरीने विचारलं, "मॅडम, बसता का?" मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की ती बिचारी दचकली. शेवटच्या वळणावर लोक स्टॉल आवरायला लागले होते. मी लंगडत, दात खात त्या रेषेवरून गेले तेव्हा शर्यतीचं घड्याळ अजून चालू होतं. मग मी रडले, चांगली नाक ओढून ओढून रडले. इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

नवरा येणार हे ठाऊक होतं, पण त्याच्यामागून सासूबाई येताना दिसल्या. पहाटे घणसोलीहून निघून आल्या होत्या. त्यांनी अभिनंदन केलं नाही की पदकाकडे पाहिलं नाही. मी फुटपाथच्या कडेला बसले होते. त्या सरळ माझ्यासमोर रस्त्यावर मांडी घालून बसल्या आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला.

मी घाईने पाय मागे ओढला. ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा? भोवती माणसं होती.

"आई, नको, काय करताय? लोक बघतायत."

"बघू दे," त्या म्हणाल्या आणि माझ्या बुटाची नाडी सोडू लागल्या.