आत्या आणि मी, इंग्रजी पहिली

मी मराठी चौथी पास झाले त्या वर्षी आमच्या घरातून दोघी जणी इंग्रजी पहिलीत, म्हणजे आताच्या पाचवीत, गेल्या. एक मी, अकरा वर्षांची. दुसरी माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, बावीस वर्षांची.

आत्याचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि पंधरावं लागतानाच ती मोकळं कपाळ घेऊन माहेरी परत आली होती. तेव्हापासून ती आमच्याकडेच. वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि मेनरोडच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. आत्या पहाटे गंगेवर धुणं धुऊन यायची. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. मग निवडणं, टिपणं, आजोबांच्या पूजेची तयारी. हे सगळं ती इतक्या मुकाट्यानं करी की ती घरात आहे की नाही, हे शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळू नये. बोललीच तर अगदी ओठांतल्या ओठांत. सासरी तशी सवय लागली होती आणि माहेरी ती सवय कुणी मोडायला गेलं नव्हतं.

तिला शाळेत घालायचं हे आईच्या डोक्यातून निघालं. वडील आणि आजोबा जेवायला बसले होते. आई वाढता वाढता म्हणाली, "हिचं नाव घालायला जातच आहात उद्या, तर वन्संचंही घालून या."

वडिलांचा घास हातातच राहिला. आजोबा म्हणाले, "या वयात? पोरीबाळींच्या रांगेत बसणार ती?"

"घरी बसवून वय काही थांबत नाही, मामंजी. त्यांची मराठी चौथी झालेली आहे. हुशार आहेत. धुण्यापाण्याचं माझं मी बघेन."

आजोबांनी ताकाचा भुरका मारला आणि ते पुढे काही बोलले नाहीत. आमच्या घरात याचा अर्थ होकार असा होता. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असलेली आत्या एकदम खाली बसली आणि उगाचच तांदूळ निवडायला लागली. निवडलेलेच तांदूळ होते ते.

शाळेत आम्हाला शेवटचं बाक मिळालं, कारण आत्या उंच. आमच्या वर्गाच्या बाई ख्रिस्ती होत्या. रोज शरणपूरहून चालत यायच्या, हातात काळी छत्री, अंगात लांब बाह्यांचं पोलकं. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर विषय लिहिले: इंग्रजी, मराठी, गणित, इतिहास, भूगोल, सृष्टिज्ञान, चित्रकला. शेवटी कवायत. मराठी शाळेत एकच मास्तर सगळं शिकवायचे, त्यामुळे एक विषय कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते आम्हाला समजत नसे. इथे घंटा वाजली की विषय बदलायचा, वही बदलायची. आत्याला याचं फार अप्रूप वाटलं. घंटा झाली की ती आधीची वही दप्तरात ठेवून नवी काढायची, ती अशी की जणू ताट बदलून दुसरा पदार्थ वाढून घेतेय.

अडचण आली ती हजेरीला. नाव पुकारलं की 'प्रेझेंट' म्हणायचं. आत्या म्हणायची, पण ते तिच्या आणि माझ्यापलीकडे कुणाला ऐकू जात नसे. पहिले काही दिवस बाईंनी तिची गैरहजेरी मांडली; मागे बसणारी ही बाई मला सोबत म्हणून येते, असं त्यांना वाटत होतं. शेवटी एके दिवशी त्या म्हणाल्या, "ही मुलगी नाव घालून गेली आणि आलीच नाही की काय?"

मी उभी राहून ओरडले, "बाई, आत्या आहे! रोज असते!"

सगळा वर्ग खोखो हसला. वर्गात कुणाची आत्या असते हे त्यांनी प्रथमच ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती साऱ्या वर्गाची आत्या झाली. माझ्याहून लहान मुलीसुद्धा "आत्या, पेन्सिलीला टोक काढून दे" म्हणू लागल्या, आणि आत्या मधल्या सुट्टीत ओळीनं सगळ्यांच्या पेन्सिली तासत बसू लागली.

अभ्यासात ती मागे नव्हती. गणितात तर आम्हा सगळ्यांच्या पुढे होती, फक्त तिला प्रश्न पडायचे. त्रैराशिक चाललं होतं. इतके मजूर इतक्या दिवसांत विहीर खणतात, तर दुप्पट मजूर किती दिवसांत खणतील. आत्यानं उत्तर बरोबर काढलं आणि मला कोपरानं ढोसून कुजबुजली, "बाईंना विचार, खाली खडक लागला तर?" मी विचारलं. बाई हसून म्हणाल्या, "गणितातल्या विहिरीला खडक लागत नाही."

भूगोलाच्या नकाशात तिनं आधी वणी शोधून काढलं, कारण सासरही नाशकातलंच, आणि नाशिकबाहेरचं तिनं पाहिलेलं तेवढंच एक गाव. लहानपणी देवीला गेली होती. मग बोटानं गंगेची रेघ धरली आणि बोट नेत नेत पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत गेली. संध्याकाळी घरी आईला सांगत होती, "वहिनी, समुद्र आपल्याला इकडे पश्चिमेला हाकेच्या अंतरावर, आणि ही बया निघाली उलट्या दिशेला, सगळा देश ओलांडून! मी रोज धुणं धुवायचे ते पाणी कुठल्या कुठे जातं बघा." आईनं पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकलं. पोळी करपली. त्या दिवसापासून शाळेत काय झालं ते ऐकल्याशिवाय आई ताट वाढेनाशी झाली.

चित्रकलेत मात्र आत्याचा हात चालेना. लिंबू काढलं तरी रव्याचा लाडू वाटायचा. इंग्रजीत तिला लिहायला सगळं यायचं, पण उभं राहून वाचायचं म्हटलं की शब्द ओठांतच राहायचे. एकदा पुस्तकातलं वाक्य आलं, 'आय ॲम अ गर्ल'. ती तिथेच अडखळली. बाई जवळ आल्या तेव्हा तिनं हळूच विचारलं, "मी गर्ल म्हणू की वूमन?"

"माझ्या वर्गात सगळ्या गर्लच आहेत," बाई म्हणाल्या. "पण मला ऐकू येऊ दे. दिवाळीनंतर तपासणी आहे. तपासणीस बाई प्रत्येकीला उभं करून वाचायला लावतात."

आत्या ते ऐकून पांढरीफटक पडली. घरी येताना म्हणाली, "मी त्या दिवशी ताप आला म्हणून सांगेन."

दिवाळी झाली. सृष्टिज्ञानाच्या तासाला बाईंनी निरनिराळ्या आकारांची पानं गोळा करून आणायला सांगितली. रविवारी आम्ही दोघी गंगापूरच्या रस्त्याला लागलो. त्या बाजूला तेव्हा पेरूच्या बागाच बागा होत्या. थंडीचे दिवस, झाडं पेरूंनी लगडलेली आणि पोपटांचे थवेच्या थवे. रस्त्यावर माणूस नाही. मी म्हटलं, "आत्या, इथे कोण आहे ऐकायला? इथे वाच."

तिनं चारी दिशांना पाहून घेतलं. पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचलं, 'द फार्मर हॅज टू बुलॉक्स.' मी बांधापाशी उभी होते. म्हटलं, ऐकू नाही आलं. मग मी पुढच्या झाडापाशी गेले. तिनं पुन्हा वाचलं. मी आणखी लांब गेले. असं करत करत आमच्या दोघींत अख्खा बांध पडला, आणि आत्यानं डोळे मिटून, पदर कमरेला खोचून, जीव खाऊन हाक घातली, "द फार्मर हॅज टू बुलॉक्स!"

बागेतून पोपटांचा हिरवागार थवा भर्रकन उडाला आणि नदीपार गेला.

मागोमाग झाडांतून एक म्हातारी बाहेर आली. हातात गोफण. बागेची राखण करणारी होती. आम्ही पळायच्या बेतात.

"कोन गं तुमी? काय वरडून ऱ्हायल्या?"

आत्याचा आवाज पुन्हा गेला होता. मी म्हणाले, "आजी, आम्ही इंग्रजी वाचतोय. पेरू नाही तोडले."

"आगं, तोडा की! सकाळधरनं गोफण मारून माझा खांदा गेला, डबडं वाजवून कान गेले. ते मेले हालत नाय. आन् ही येकदा वरडली तर समदे गेले. काय म्हनली गं तू त्यास्नी?"

आत्या हळूच म्हणाली, "शेतकऱ्याजवळ दोन बैल आहेत."

म्हातारी इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. "बैलांना भ्याले व्हय! बाय, तू दर आयतवारी येत जा. लय चांगली भाषा हाय ही."

मग काय, दर रविवारी आम्ही जाऊ लागलो. म्हातारी आम्हाला ओटीभर पेरू द्यायची आणि आत्या बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धडे वाचत हिंडायची. कधी कंटाळा आला तर इतिहासातल्या लढाया म्हणायची, कधी देशांच्या राजधान्या. पोपटांना काय, सगळं सारखंच. म्हातारीला मात्र इंग्रजीच आवडायचं. "ते बैलाचं म्हन," ती फर्मावायची. पेरू खाऊन खाऊन माझे दात आंबले. आत्याचा चेहरा उन्हानं रापला आणि ती येताना रस्त्यात मोठ्यानं बोलू लागली. मधेच लक्षात आलं की तोंडावर हात ठेवायची. पुढे पुढे तेही विसरली.

तपासणीचा दिवस उजाडला. वर्ग झाडून काढला होता, फळ्यावर खडूच्या वेली काढल्या होत्या. तपासणीस बाई पुण्याहून आल्या होत्या. चष्मा, पायात बूट, चेहऱ्यावर दमल्याचं दिसत होतं. आधी त्यांनी दुसऱ्या दोनतीन मुलींना वाचायला लावलं. मग त्यांची नजर शेवटच्या बाकावर गेली. "तुम्ही कोण? शिक्षिका का?"

आत्या उभी राहिली. "नाही. मी इंग्रजी पहिलीची विद्यार्थिनी." हे तिनं अगदी चारचौघांसारख्या, ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं. आमच्या बाईंनी चमकून वर पाहिलं.

"मग वाचा बरं."

आत्यानं पुस्तक धरलं, डोळे क्षणभर मिटले, आणि बागेतला आवाज लावला. 'द फार्मर हॅज टू बुलॉक्स!' तपासणीस बाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं बंद पडलं. शिपाई दारात धावत आला. आमच्या बाई टेबलामागून हातानं खुणा करत होत्या, हळू, हळू. आत्याचं लक्ष पुस्तकात. तिनं धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच आवाजात वाचला, एक चूक नाही. बैल नांगराला जुंपले, शेत नांगरलं, पाणी प्यायले आणि गोठ्यात गेले, तेव्हाच ती थांबली.

 मग तपासणीस बाईंनी चष्मा काढला, पदरानं डोळे टिपले. मला वाटलं, रडतात की काय. त्या हसत होत्या. "दिवसभरात मी ऐकलेलं हे पहिलं वाचन," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं मी फक्त पाहिलं." आणि त्यांनी आत्याला पुढचा धडाही वाचायला लावला.

घरी आल्यावर आईला काही धीर धरवेना. "मला सगळं करून दाखवा." ती पाटावर बसली, आजोबांचा चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाली, "हं, मी तपासणीस बाई. वाचा वन्सं." आत्यानं जसंच्या तसं वाचलं. आई हसून हसून लोळायची बाकी होती. आणि दारात आजोबा. केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. आईनं झटकन चष्मा काढला. आत्या एका वाक्याच्या मध्येच गप्प झाली.

 आजोबा दाराशी टेकून बसले. "थांबलीस का?" ते म्हणाले. "बैलांचं पुढे काय झालं?"

आत्यानं धडा पुरा केला, आणि मग एकेक वाक्याचा अर्थ त्यांना मराठीत सांगितला. आजोबांनी मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही बैलांच्या वैरणीबद्दल.

वार्षिक परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. गणितात आत्या पहिली, इतिहासात मी तिच्या वर, चित्रकलेत ती काठावर पास. पुढे तिनं इंग्रजी सातवीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत, मजल मारली, ट्रेनिंग घेतलं आणि निफाडकडच्या एका शाळेत मास्तरीण झाली. पण मला ती आठवते ती त्या निकालाच्या दिवशीची. निकाल वाचून झाला आणि मुली अंगणात फुगड्या घालायला धावल्या. दोघीतिघींनी आत्याला ओढत आणलं. ती नको नको म्हणत होती. लग्नानंतर तिनं फुगडी घातली नव्हती, आणि विधवा बाईनं घालायचीही नसते, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. माझे हात तिनं धरले. आधी हळू, मग वेग आला. तिचा पदर सुटला, पाठीवरची वेणी गोल गोल फिरू लागली, आणि अंगणातली धूळ, कडुनिंब, आमच्या बाईंची काळी छत्री, सगळं एकात एक मिसळून गेलं. मला चक्कर यायला लागली तरी ती सोडेना. शिपाई कुलूप हातात घेऊन फाटकाशी उभा होता. त्यानं एकदा हाक मारली, मग कुलूप दगडावर ठेवून तो स्वतःच पायरीवर बसून बघत राहिला.