झीरो बघा

कामथडीजवळच्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्या ताईंचं नाव मी कधी विचारलं नाही. "झीरो बघा, दादा," म्हणत त्या मशीनच्या काचेवर बोट आपटायच्या. गिऱ्हाईक मोबाईलमध्ये असलं, तर पाइप तसाच हातात धरून ठेवायच्या. "बघा म्हणलं ना! मागनं कुरकुर नको."

गेल्या महिन्यात तिथली दोन मशीनं काढून विजेच्या गाड्यांचे चार्जर बसवले. वर हिरवा फलक लागला: 'स्वच्छ ऊर्जा, गावाला रोजगार.'

काल पाहतो तर त्याच फलकाखाली ताई झाडू मारत होत्या, अंगात अजून पंपाचाच शर्ट. शेजारी चार्जिंगला लावलेल्या गाडीत कोणी साहेब एसी लावून झोपले होते.

"तुम्ही चार्जिंगवर का नाही?" मी विचारलं.

"वायर ज्याची त्यो लावतो. माणूस लागतच न्हाई हितं. बाकीच्या बायांना घरी बसवलं, माज्या हातात झाडू दिला."

धूर गेला, चांगलंच झालं. पण मग हे धडधडीत खोटं कशाला टांगायचं? माझं डोकंच फिरलं. "मग गावातली किती माणसं नवी घेतली?"

ताईंनी झाडू उलटा धरला आणि त्याचा दांडा फलकावर आपटला.

"झीरो बघा, दादा."