चिखलाचा तास

बोलायला सुरुवात करण्याआधी बाई दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत सारायच्या. बांगड्या वर गेल्या की समजायचं, आता आपल्याला काम लागणार. "आधी पोर बघा, मग रंग बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशी एखादी बाई तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमचं नशीब थोर, निवांत जगताय.

उमापुरात आमच्या दोन अंगणवाड्या शेजारी-शेजारी. एक त्यांची, एक माझी. शनिवारी दोन्हीकडची पोरं एकत्र करून चिखलाचा तास घ्यायचा, ही कल्पना त्यांचीच. "रंग, माती, पाणी. पोरांनी मनसोक्त भरावं," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आणि त्यांच्या आया आपल्याला धुवून काढतील, त्याचं काय?"

"आयांना मी बघते." आणि खरंच बघितलं.

पहिल्या वेळी परातीत हळद घालून कणीक भिजवली. सगळी पोरं तुटून पडली. बाईंकडची चिमुरडी परी तेवढी हात पाठीमागे धरून उभी. "बघा, अन्नात खेळत न्हाई पोरगी. घरचं वळण हाय," बाई कौतुकानं म्हणाल्या. मलाही पटलं. आपल्याकडं अन्नाला पाय लागला तरी हात जोडतात, त्यात नवल काय?

म्हणून पुढच्या शनिवारी कणकेऐवजी रानातली काळी माती आणली. बाईंनी परीचा हात धरून लाडानं चिखलात दाबला. पोर अशी किंचाळली, अशी किंचाळली, की शेवटी ओकली. दुपारी तिचे आजोबा दारात हजर.

"कावून रडवता पोरीला? घरीबी ती कालवणाला हात लावत न्हाई, कोरडी भाकर खाती. सोमवारपासून येणार न्हाई ती."

म्हणजे अन्नाचं वळणबिळण नव्हतं, ओलं-चिकट काही हाताला लागलेलंच तिला सोसत नव्हतं. परीचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. घरी बसली तर दिवसभर आजोबा आणि टीव्ही, एवढंच तिचं जग. आमच्याकडं येऊन ती नुकती कुठं बोलायला लागली होती. बाईंना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. संध्याकाळी त्या आजोबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"चुकलं माझं, आबा. लई चुकलं. येता शनिवार तुमी सोता येऊन बसा. मग न्यायची तर न्या."

आबा हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मग काय विचारता, तो आठवडाभर बाईंच्या बांगड्या खाली आल्या नाहीत. माझ्याकडचा एक पोरगा, सोन्या, त्याच्या पायांत जोर नव्हता, उभं राहता यायचं नाही. म्हणून ठरलं, शनिवारी सगळ्यांनी बसूनच खेळायचं, आम्हीसुद्धा. कुणाला पाय बुडवायचे तर पाय, कुणाला काडीनं रेघा ओढायच्या तर काडी. परीसाठी फरसाणाच्या पारदर्शक पिशवीत गेरू कालवून घातला आणि मेणबत्तीवर धरून पिशवीचं तोंड चिकटवून टाकलं. दाबलं की आत रंग पळतो, बोट कोरडंच राहतं.

"आणि तिनं तेही घेतलं नाही तर?" मी विचारलं.

"तर बघत बसंल. बघणंबी खेळच हाय."

शनिवारी आबा दाराशी पोतं अंथरून बसले, तोंड फुगवून. परी बराच वेळ पिशवीकडं नुसती बघत राहिली. मग एक बोट टेकवलं. मग तळवा. रंग पळाला तशी हसली आणि पिशवी घेऊन थेट आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली.

"आबा, दाब."

आबांनी दाबलं. मला रडू आलं, सांगून टाकते. सोमवारी परी आली.

चिखलात मात्र तिनं हात कधीच घातला नाही. मला आपलं वाटायचं, आज घालेल, उद्या घालेल. बाई तसली वाट बघत बसल्या नाहीत. त्यांच्या लेखी परी खेळत होतीच.

यंदा बाई निवृत्त झाल्या, लेकीकडं बीडला राहायला निघाल्या. शेवटच्या दिवशी फिकट साडी नेसून आल्या आणि पोरांना म्हणाल्या, "भरा मला." पोरांनी गेरूत हात बुडवून साडीभर ठसे उठवले. परी सगळ्यांच्या मागून आली. कोरडा तळवा बाईंच्या खांद्याजवळ पदरावर घट्ट दाबून धरला आणि खेळायला पळाली.

बाई त्याच साडीत एसटीत बसल्या. मी खिडकीखाली उभी. शेजारच्या बाईनं ठशांचं विचारलं असावं, कारण आमच्या बाई एकेका ठशावर बोट ठेवून पोराचं नाव सांगायला लागल्या. सांगता सांगता बोट खांद्याजवळच्या स्वच्छ जागेवर आलं.

"आन् ही आमची परी," त्या म्हणाल्या.